जीवराम नानांची टाकी

धनसिंगने हवेच्या टाकीच्या वरच्या अंगाला हातोडी हलकेच मारली. खणखणीत आवाज आला. मग तो उकिडवा बसला आणि तळाच्या शिवणीजवळ मारली. तिथे आवाज बद आला, भिजलेल्या मडक्यासारखा. धनसिंगने वर मान करून भटूकडे पाहिलं. भटूने नजर रस्त्याकडे वळवली.

धुळ्याच्या हायवेलगतचं ते वर्कशॉप उन्हं चढायच्या आतच गजबजलं होतं. भटूची पिकअप मागचा फाळका उघडून दारातच उभी होती. कालपासून धनसिंगने तिच्यावर बरंच काम उरकलं होतं. इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर बसला होता, त्याला पट्टा चढला होता, तांब्याचा पाइप चासीच्या कडेने मागे आला होता. आता हौद्यात टाकी बसली की झालं. मग कोणाचीही गाडी जिथे अडेल तिथे भटू हवा घेऊन पोचणार होता.

भटूचं पंक्चरचं दुकान नशिराबादला, जुन्या रस्त्यावर. रस्ता चौपदरी झाला, उड्डाणपूल आला, आणि ट्रक डोक्यावरून जायला लागले. खाली उरल्या सायकली, मोटारसायकली आणि शाळेच्या रिक्षा. वर्षभर भटू दुकानात बसून पुलावरच्या टायरांचे आवाज ऐकत राहिला. मग एक दिवस त्याने बायकोला, झुंबरबाईला सांगितलं, "गाड्या आपलाकडे येत नहीत, ते आपण गाड्यासकडे जाऊ."

टाकी मात्र त्याची नव्हती. ती जीवराम नानांची होती. नाना तिच्याशेजारीच एका आडव्या टायरवर बसले होते. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. टाकीला त्यांनी स्वतः निळा रंग दिला होता. दिसायला कमी झाल्यामुळे रंगाचे ओघळ राहून गेले होते.

नानांचंही पंक्चरचं दुकान भटूच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे होतं. रुंदीकरणात ते गेलं. पोरं म्हणाली, आता पुरे, केळीच्या मळ्यावर बसा. नाना मळ्यावर बसले. पण टाकी त्यांनी भंगारात दिली नाही. भटू पिकअपवर कॉम्प्रेसर बसवतोय हे कानावर आलं, त्याच संध्याकाळी ते ट्रॅक्टरमध्ये टाकी घालून भटूच्या दारात हजर.

"नवी कायले घेतू? ही घे. मह्याकडे नुसती पडेल हाय."

नाही म्हणायला भटूची जीभ रेटली नाही. त्याला कारण होतं.

तो धरणगावहून नशिराबादला आला तेव्हा त्याच्याकडे दोन पाने, एक जॅक आणि हातपंप एवढंच होतं. टपरीवर त्याने 'जय भीम' लिहिलं, आणि ट्रकवाले थांबले तरी गावातले लोक पुढे जात. कॉम्प्रेसर घ्यायची ऐपत नव्हती. ट्रकचं टायर हातपंपाने भरता भरता छाती फुटायची वेळ येई. एकदा नाना समोरून हे बघत होते. बघता बघता उठले, आपल्या टाकीचा रबरी पाइप उचलला आणि रस्ता ओलांडून भटूच्या हातात दिला. तेव्हा रस्ता अरुंद होता, गाड्या तुरळक. त्या पाइपावरून बैलगाड्या गेल्या, एस.टी. गेल्या. नानांचा भाऊबंद म्हणाला, अरे, तुह्याच धंद्यावर पाय देऊ रायला तू. तेव्हा नाना म्हणाले होते, "हवा का मह्या घरची हाय?"

सगळा पावसाळा आणि हिवाळा तो पाइप रोज रस्ता ओलांडत होता.

म्हणून आज पहाटे नानांना घेऊन एस.टी.ने निघताना झुंबरबाईने भाकरीचं फडकं हातात देताना बजावलं होतं, "नानास्नं मन मोडू नका."

धनसिंग उठला. हात पुसत भटूला गाडीच्या पलीकडे घेऊन गेला.

"भाऊ, आवाज आयका ना तुम्ही?"

"आयका."

"तळ खाई टाकेल शे गंजनी. पाणी साचीसाची. खालना नळ ते कव्हयना जाम शे."

"दुकानात चालत होती ती," भटू म्हणाला. नानांशी बोलून बोलून त्याची अहिराणी आता अर्धीच उरली होती.

"दुकानमा एक जागावर उभी व्हती. आठे खड्डा शेतस, धक्का शेतस. अनं ती तुमना पाठना मांगे ऱ्हाई." धनसिंगने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "तुम्ही म्हनशात ते बसाडी देस. पन मी हवा भराव नही. पहिले पाणी भरीसन दखू."

पाण्याची तपासणी भटूला नवी नव्हती. टाकी पाण्याने गच्च भरायची आणि हातपंपाने दाब चढवत न्यायचा. कमजोर असली तर पाणी झिरपतं, फार तर फाटून सांडतं. हवा तशी नसते. दाबलेली हवा सुटली की पत्र्याचे तुकडे करून सुटते. पाळधीच्या बाजूला एका दुकानात असंच झालं होतं. भटू तिथे जाऊन आला होता. भिंत नव्हती, हे त्याने पाहिलं. बाकीचं त्याने घरी कधी सांगितलं नाही.

कमी दाबावर चालवू, असं त्याच्या मनात येऊन गेलं. नाना आहेत तोवर चालवू, मग बदलू. पण टायर भरताना आपण टाकीला टेकूनच उभे असणार. ड्रायव्हर, क्लीनर, बघायला जमलेली माणसं, सगळी तिथेच.

तो वळला आणि सरळ नानांसमोर जाऊन उभा राहिला.

"नाना, टाकी पाण्यावर तपासावी लागेल."

नानांनी मान वर केली. "कायले?"

"तळाचा आवाज बरोबर नाही."

"मह्या टाकीची परीक्षा घेऊ रायला तू?" नानांचा आवाज चढला नाही, पण काठीवरची बोटं पांढरी पडली. "तुहं दुकान उभं रायलं तव्हा नाही तपासली ती."

नाना उठले. कोणाचा हात न घेता, काठी टेकत, वर्कशॉपच्या बाहेर गेले आणि चहाच्या गाडीपाशी पाठ करून उभे राहिले. धनसिंग पाना हातात घेऊन खोळंबला. भटूही तसाच उभा राहिला. टाकी भरून टाक, असं त्याला सांगता आलं असतं. नाना नसताना ते उरकूनही गेलं असतं. पण ते त्याला बरं वाटेना.

तो चहाच्या गाडीपाशी गेला. दोन चहा घेतले. एक नानांच्या हातात दिला. दोघांनी रस्त्याकडे बघत चहा संपवला. समोरून कंटेनर, ट्रक, एस.टी. जात राहिल्या.

"जड गाडी गेली," नाना म्हणाले. "मागचं आतलं टायर कमी हाय तिचं. आयकलं का?"

"आयकलं."

नानांनी ग्लास ठेवला. बराच वेळ काठीच्या टोकाने ते माती उकरत राहिले.

"भर पाणी," ते म्हणाले. "पण मह्यासमोर भर."

टाकी दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. धनसिंगने वरून पाण्याची नळी लावली. आतली हवा बुडबुडत बाहेर आली आणि पाणी तोंडाशी लागलं तसं त्याने झाकण आवळलं. मग हातपंप जोडला. काटा हळूहळू वर सरकू लागला. नाना टायर ओढून अगदी जवळ बसले होते. त्यांना काटा दिसत नव्हता. दर थोड्या वेळाने ते विचारत, "किती?" आणि भटू आकडा सांगे.

दुकानात नाना जेवढा दाब ठेवत, तिथवर काटा पोचला. काही झालं नाही. नानांच्या ओठांवर हसू येऊ लागलं.

धनसिंगने अजून पंप मारला. तळाच्या शिवणीवर निळा रंग फुगल्यासारखा झाला, त्याला बारीक चीर पडली, आणि घाम फुटावा तसे थेंब उमटले. मग दोऱ्याएवढी एक धार जमिनीवर पडू लागली. आवाजसुद्धा झाला नाही.

"किती?" नानांनी विचारलं.

भटूने नानांचा हात धरला आणि टाकीखाली नेला. धार नानांच्या तळव्यावर पडली. त्यांनी हात तिथेच ठेवला. पाणी मनगटावरून ओघळून सदऱ्याची बाही भिजली तरी काढला नाही.

"मयुरी बसायची हिच्यावर," ते शेवटी म्हणाले. मयुरी म्हणजे त्यांची नात. आता जळगावला कॉलेजात होती. "घोडा घोडा करायची. शाळा सुटली का रोज. मी इकडून हवा भरू रायलो, अन् ती वरती बसेल असायची."

धनसिंगने पंपाचा दांडा सोडून दिला.

नानांनी ओला हात धोतराला पुसला. "धनसिंगभाऊ, गॅसकटर हाय का तुह्याकडे?"

"शे ना, नाना."

"मग हिचे दोन तुकडे कर. अशी भंगारात जाऊ देऊ नको. कोनी गरीब मानूस स्वस्तात घेईन अन् हवा भरीन."

धनसिंगने भटूकडे पाहिलं. भटूने मान हलवली. पाणी सोडून दिलं. कटरची निळी ज्योत पत्र्याला लागली तसा रंग जळाल्याचा वास सुटला. ठिणग्या उडत होत्या म्हणून धनसिंग नानांना मागे सरायला सांगत होता. ते एक पाऊल मागे सरले आणि टोपी काढून उभे राहिले. टाकी दुभंगली तेव्हा आतून लाल गंजाचा चिखल ओघळला. नानांनी तो काठीने चाचपून पाहिला आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

दुपारपर्यंत बाजारातून आणलेली नवी टाकी बसली. खाली रबराचे जाड तुकडे, वरून दोन लोखंडी पट्ट्या, नटांवर नट. धनसिंगने इंजिन चालू केलं, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. कुठेच फेस आला नाही. काटा भरत आला तसा सेफ्टी वॉल्व्ह फुसकन बोलला आणि तिघेही दचकून हसले. झुंबरबाईची भाकरी तिघांनी हौद्याच्या फाळक्यावर बसून खाल्ली.

परतीला पारोळा मागे पडलं. एरंडोलच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली एका अंगाला कलली होती. तिच्या सावलीत नवरा-बायको बसलेली. भटूने गाडी थांबवली.

"काय व्हयनं, भाऊ?"

"टायर बठ्ठं बशी गयं," तो शेतकरी उठत म्हणाला. अभिमन त्याचं नाव. "धरणगावले जिनिंगवर जानं शे. सकायपाईन फोन करी ऱ्हायनू, कोनी येत नही."

भटूने जॅक लावला, टायर उतरवलं, ट्यूब काढली. बाभळीचा काटा निघाला. त्याने ठिगळ लावलं, टायर चढवलं आणि इंजिन चालू ठेवून टाकीचा नवा पाइप ओढला. तोवर नाना उतरून आले होते. त्यांनी काही न विचारता पाइपाचं टोक भटूच्या हातातून घेतलं, चाचपत वॉल्व्ह शोधला आणि दाबून धरलं. हवा सूंऽऽ करत आत शिरली. टायर हळूहळू उठलं, ट्रॉली सरळ झाली. नानांनी तळहाताने टायरवर थाप मारली, कान दिला, आणखी थोडी हवा सोडली, पुन्हा थाप मारली.

"बस," ते म्हणाले.

अभिमनची बायको ट्रॉलीकडे बघून पदराने तोंड पुसत होती. अभिमनने विचारलं, "नाना, तुमनं दुकान कोठे शे? परत काम पडनं ते?"

नानांचा हात नशिराबादच्या दिशेने उचलला गेला. अर्ध्यावर तो थांबला, आणि तोच हात त्यांनी भटूच्या खांद्यावर ठेवला.

"याचा नंबर घ्या," ते म्हणाले. "बोलावलं का येतो हा."

ट्रॉली खडखडत धरणगावच्या रस्त्याला लागली. भटू गाडीत जाऊन बसला. मागे नाना पाइप गुंडाळत होते, पंजा आणि कोपरामध्ये एकेक वेटोळं घेत. एक वेटोळं सुटलं. ते उलगडून त्यांनी परत घेतलं. भटूने आरशातून पाहिलं, पण तो उतरला नाही. इंजिन बंद करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, तो थांबून राहिला.