ग्रनाडावरची चंद्रकोर

स्पेनच्या फायली माझ्याकडे आल्या त्याच आठवड्यात शोभाकाकू ॲडलेडच्या आमच्या मॉसन लेक्स उपनगरात घरोघर पेढे वाटत होत्या. त्यांच्या तनयला नोकरी लागली होती. ॲडलेडमधली सोलर कंपनी, एप्रिलपासून रुजू, अट एवढीच की डिग्री पूर्ण झालेली हवी. डिग्रीतलं शेवटचं युनिट म्हणजे जानेवारीतला स्पेनचा अभ्यासदौरा, आणि तो करून तनय परत आला होता. फक्त मार्क लागायचे राहिले होते.

मी काकूंच्या घरात वरच्या मजल्यावरची मागची खोली भाड्याने घेऊन राहते. पुण्याहून फिजिक्समध्ये एमएस्सी करून आले, इथे ऑप्टिक्समध्ये मास्टर्स केलं. आता एका लॅबमध्ये अर्धवेळ काम करते आणि उरलेल्या वेळात युनिव्हर्सिटीसाठी मार्किंग, म्हणजे विद्यार्थ्यांच्या फायली तपासणं. दौऱ्याची कोऑर्डिनेटर हेलनने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. स्पेन मी पाहिलेला नाही. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांनी तरी बघू, असं वाटलं.

दौऱ्याची पद्धत अशी होती. माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिया, ग्रनाडा. प्रत्येक शहराचं एक ‘हायलाइट’ द्यायचं, म्हणजे स्वतः काढलेला एक फोटो आणि त्यात दिसणाऱ्या एखाद्या गोष्टीमागचं विज्ञान, पानभर. ज्या शहरात तुम्ही गटाबरोबर नव्हता त्याचं हायलाइट देता येत नाही, आणि एकही कमी पडलं तर युनिट नापास. फायलींवर नावं नसतात, नुसते नंबर असतात. कोणाची कोणती हे मार्किंग करणाऱ्याला कळू नये म्हणून.

मला मात्र तोलेदोपाशीच कळलं. त्या शहरात तलवारी बनतात. एकाने पात्याच्या धारेबद्दल लिहिताना म्हटलं होतं की आमच्या घरी आई जमिनीवर बसून ज्या वाकड्या पात्यावर नारळ खवते आणि भाजी चिरते, त्याला मुठीऐवजी लाकडी पाट असतो. ॲडलेडमध्ये विळीवर बसणारी बाई मला एकच माहीत होती, आणि ती त्या क्षणी खाली स्वयंपाकघरात पेढ्यांचे डबे भरत होती.

नियमाने मी तिथेच थांबून हेलनला कळवायला हवं होतं. पूर्ण वाचून होऊ दे, मग कळवते, असं स्वतःला सांगितलं. तनय चांगलं लिहितो हे मला नव्यानेच कळत होतं. कोर्दोबाच्या मशिदीतल्या दुहेरी कमानी वजन कसं वाटून घेतात हे त्याने इतकं स्वच्छ मांडलं होतं की मी मनातल्या मनात पूर्ण मार्क देऊन टाकले. मग ग्रनाडाचं पान उघडलं.

फोटो सुंदर होता. समोरच्या टेकडीवर अलहम्ब्राचा किल्ला, मागे बर्फाचे डोंगर, संध्याकाळचा गुलाबी उजेड आणि उजव्या अंगाला नाजूक चंद्रकोर. लेखाचा विषय होता संधिप्रकाशातले रंग. मी वाचायला सुरुवात केली आणि पुन्हा फोटोकडे आले. काहीतरी खटकत होतं. चंद्र ओळखीचा वाटत होता. नको इतका ओळखीचा.

ॲडलेडला आले त्या वर्षी मला सगळ्यांत विचित्र वाटलं होतं ते इथलं आकाश. पुण्यात शुक्ल पक्षातली संध्याकाळची कोर उजवीकडून उजळलेली असते. इथे तीच कोर डावीकडून उजळलेली दिसते, कारण आपण पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्यावर उभे असतो, तिकडच्या मानाने डोकं खाली करून. स्पेन आणि पुणे एकाच अर्ध्यात आहेत. तनयच्या ग्रनाडातली कोर डावीकडून उजळलेली होती. हा चंद्र इथला होता.

लगेच निष्कर्ष काढायचा नाही अशी मला सवय आहे. आधी वाटलं, फोटो उलटा झाला असेल, आरशातल्यासारखा. नकाशा काढून पाहिला. हा फोटो ज्या चौथऱ्यावरून काढतात तिथून दक्षिणेकडे बघितलं की किल्ल्याचा सगळ्यांत जुना भाग उजवीकडे यायला हवा, आणि फोटोत तो उजवीकडेच होता. म्हणजे किल्ला सुलटा आणि चंद्र तेवढा उलटा. मग वाटलं, कोर पहाटेची असेल. कृष्ण पक्षातली कोर तिकडे डावीकडूनच उजळते. पाणी प्यायला खाली गेले तेव्हा काकूंच्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उलटून जानेवारी बघितला. फोटोखालच्या तारखेला शुक्ल चतुर्थी होती.

“काय गं, मागचा महिना कशाला चाळतेस?” काकूंनी विचारलं.

“एक तिथी बघत होते.”

त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. त्या रोजच काही ना काही देतात. पण त्या दिवशी मला वाटून गेलं, यांना माहीत असेल का, फायली माझ्याकडे आहेत ते? आणि असं वाटल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली. पेढा मात्र मी वर नेऊन टेबलावर ठेवला. खाल्ला नाही.

त्यानंतर सगळंच निराळं दिसायला लागलं. दौऱ्याहून आल्यावर तनयने टीव्हीवर सगळ्यांना फोटो दाखवले होते. पद्माकरकाका, म्हणजे त्याचे बाबा, प्रत्येक फोटो थांबवून किल्ला कोणाचा, पूल कोणी बांधला असं विचारत होते. ग्रनाडा आलं तेव्हा एकच फोटो होता, तोही भर्रकन पुढे गेला. काका म्हणाले, अरे मागे घे. तेवढ्यात तनयची मैत्रीण ओवी मोठ्याने हसून माद्रिदच्या विमानतळावरची गंमत सांगायला लागली. तेव्हा मीही हसले होते. आता आठवलं, गंमत सुरू व्हायच्या आधीच ती हसली होती. दौऱ्यात एका शहरातून दुसऱ्या शहरात मुलं आपापली जायची, छोट्या टोळ्या करून, आणि हजेरी टोळीप्रमुखाने कळवायची. यांच्या टोळीची प्रमुख ओवीच होती.

शनिवारी ओवी जेवायला होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की ग्रनाडाच्या त्या चौथऱ्यावर किल्ल्याकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य कुठे मावळतो.

तनय म्हणाला, “लेफ्टला.”

“राइटला,” ओवी म्हणाली. दोघं एकदमच बोलले. मग ओवी म्हणाली, अरे गर्दी इतकी होती, कोणाला आठवतंय. तनय भाताकडे बघत म्हणाला, “येस, राइट. माय बॅड.” काकूंनी दोघांना आणखी आमटी वाढली. काका म्हणाले, इंजिनिअर होऊन दिशा कळत नाहीत, उद्या सोलर पॅनल कुठल्या बाजूला लावणार? सगळे हसले. तनय जरा उशिराच हसला.

दक्षिण गोलार्धात वाढलेल्या मुलासाठी सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणजे उन्हाकडे तोंड केलं की मावळतीला डावा हात. तनयने आठवून उत्तर दिलं नव्हतं, कल्पनेने दिलं होतं. इथे जन्मलेल्या मुलाच्या कल्पनेने.

रविवारी दुपारी मी त्याला घराजवळच्या तळ्याकाठी फिरायला बोलावलं. तो हेडफोन गळ्यात टाकून आला, खुशीत होता. मी फिरवून फिरवून बोलले नाही. तुझी फाईल माझ्याकडे आली आहे, विळीवरून ओळखली, आणि ग्रनाडाचा चंद्र मॉसन लेक्सचा आहे, एवढं सांगितलं.

तो थांबला. त्याने आधी विचारलं ते हे, की मून इज द मून, इथला आणि तिथला असं कसं असेल. मी त्याला फोनवर पुण्यातल्या माझ्या भावाने काढलेल्या कोरीचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. संबंध आयुष्य त्याने एकच चंद्र बघितला होता.

मग तो बोलायला लागला. ज्या कंपनीने नोकरी दिली तिचं मूळ ऑफिस सेव्हियाला आहे. तिथे असतानाच त्यांचा मेल आला, की आमच्याच शहरात आहेस तर भेटायला ये. भेट ठरली नेमकी गट ग्रनाडाला निघाला त्या दुपारी. ग्रनाडाला एकच मुक्काम होता, दुसऱ्या सकाळी माद्रिद. तो सेव्हियालाच राहिला, इंटरव्ह्यू दिला आणि थेट माद्रिदला जाऊन टोळीत मिसळला. ओवीने हजेरीत त्याचं नाव घातलं आणि नंतर आपला एक फोटोही दिला. तोच फोटो दोन फायलींत दिसला तर कॉम्प्युटर पकडेल, म्हणून त्याने तो थोडा कापला, रंग गडद केले आणि तळ्याकाठी काढलेला चंद्र त्यात बसवला.

“तू परवानगी का नाही मागितलीस?”

“मागितली असती आणि नो आलं असतं तर? मग इंटरव्ह्यू गेलाच ना.”

म्हणजे जी नोकरी मिळवायला त्याने ग्रनाडा सोडलं, ती नोकरी ग्रनाडावाचून टिकणार नव्हती. हे त्यालाही कळत होतं. तो चालता चालता वाटेतले खडे बुटाने बाजूला सारत होता.

मी म्हटलं, तू माझ्या घरातला माणूस आहेस, म्हणून ही फाईल मला हेलनला परत द्यावीच लागेल. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला त्याचं कारण लगेच कळलं नाही. त्यानेच बोलून दाखवलं.

“मग दुसरं कोणीतरी मार्क करेल ना, स्पृहाताई? समवन फ्रॉम हिअर?”

बरोबर होतं. इथलं कोणीतरी. ज्याला तो चंद्र अगदी नेहमीसारखा दिसेल. मी नुसती फाईल परत केली की नियमही पाळला जाणार होता आणि तनयही सुटणार होता. मला एक शब्द खोटा बोलावा लागणार नव्हता. मी त्या वाटेचा खरोखर विचार केला. पेढे, काकांचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण एकदा दिसलेली गोष्ट दिसलीच नाही असं करून फाईल देणं मला जमणार नव्हतं. मी त्याला सांगितलं, सोमवारी दुपारी मी फाईल परत करेन आणि सोबत चंद्राबद्दल एक ओळ लिहीन. त्याच्या आधी तू स्वतः हेलनकडे जा. जाऊन सांगणं आणि पकडलं जाणं यात फरक असतो.

“आणि ओवी?”

“तिचं नाव मी लिहिणार नाही. मला फक्त फोटो दिसलाय.”

तो म्हणाला, “नो वरीज,” आणि हेडफोन कानावर चढवून घरी गेला. त्या ‘नो वरीज’चा अर्थ मी संध्याकाळभर लावत बसले. जेवताना तो काकांशी क्रिकेटबद्दल बोलत होता, नेहमीपेक्षा जास्त. ओवीशी फोनवर बोलायला अंगणात गेला तेव्हा दार ओढून घेतलं. हे दोघं काही नवं रचत असतील, हजेरीचा एखादा पुरावा, एखादा साक्षीदार, असं मला वाटत राहिलं.

सोमवारी दुपारी मी लॅबमधून त्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. सकाळीच गेलो होतो, हेलनला सगळं सांगितलं.

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. सगळं म्हणजे काय? हेलन सोमवारी सकाळी ऑफिसात असते का? मला ठाऊक नव्हतं. त्याने मला थांबवण्यासाठीच हे लिहिलं असेल तर? हेलनला एक फोन करून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मेल लिहिला. या विद्यार्थ्याला मी ओळखते, म्हणून फाईल परत करत आहे. ग्रनाडाच्या फोटोतली चंद्रकोर त्या तारखेला स्पेनमधून अशी दिसू शकत नाही. खाली आकृती जोडली, दोन्ही गोलार्धांची, बाणांसकट. पाठवून दिला.

हेलनचं उत्तर चहाच्या वेळी आलं. तनय सकाळी येऊन गेला होता, दारापाशी तिची वाट बघत उभा होता म्हणे. फोटो ओवीचा, चंद्र आपला, आपण तिथे नव्हतो, सगळं त्याने सांगितलं होतं. ओवीही सोबत आली होती, तिने हजेरीचं स्वतःच सांगितलं. तुझ्या आकृतीबद्दल आभार, पण तिची आता गरज नाही, असं हेलनने लिहिलं होतं.

स्वतःहून आला म्हणून त्याच्यावर गैरवर्तनाचा शिक्का बसला नाही. युनिट मात्र नापास. ते त्याला वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या कुठल्या तरी विषयाने भरून काढावं लागेल. कंपनीने पुढच्या भरतीत पुन्हा अर्ज कर म्हणून कळवलं. काकूंनी शेजाऱ्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. माझ्याशी त्या बोलायच्या थांबल्या नाहीत, पण खोलीचं दार वाजवून आत येणं थांबलं. मला जायला कोणी सांगितलं नव्हतं. शहराच्या मध्याजवळ एका फ्लॅटमध्ये शेअरिंगची खोली मिळत होती, ती मीच बघितली.

सामान उतरवायला तनय आपण होऊन आला. पुस्तकांचा खोका त्याने गाडीच्या डिकीत ठेवला आणि तिथेच हात टेकून उभा राहिला.

“हेलनने मला तुझा मेल दाखवला. ॲरोज वगैरे.” तो हसला नाही. “मी तुला मेसेज केला होता ना, जाऊन आलो म्हणून. तरी टाकलास. का?”

मी म्हटलं, “ग्रनाडाला जाऊन आलो असंही तूच सांगितलं होतंस.”

त्याने मान हलवली, डिकी लावली आणि उरलेलं सामान आणायला आत गेला.