खालच्या ओळी

मी डीव्हीडी प्लेअर बोलतोय. बोलतोय कसला, घरघरतोय! चकती पोटात घेतली की आधी दम लागतो, मग दोन-चार आचके, आणि मग कुठे चित्र येतं. पूर्वी असं नव्हतं. पण पूर्वी कुणाचंच असं नसतं म्हणा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. माझे शेवटचे स्क्रू पिळणाऱ्या बाईची कामाची पाळी संपत आली होती आणि ती एकसारखी जांभया देत होती. त्यातली एखादी माझ्या डब्यात राहून गेली असावी, कारण पहिल्या दिवसापासून मला जरा आरामच बरा वाटतो. तो काही नशिबात नव्हता.

या घरात मला आणलं ते घरातल्या एकुलत्या एका मुलाने. तो छापखान्यात कामाला होता. घरात माणसं तीन, तो, त्याची बायको आणि त्याची आई. आईंना सगळी चाळ आईच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मुलाला नाद परक्या मुलखातल्या सिनेमांचा. त्यातली माणसं काय बोलतात ते कुणाला कळत नाही, पण खाली ओळी पळतात. आईंना त्या ओळी दिसायच्या नाहीत. जन्मभर शिंप्याकडे काजं-बटणं करून डोळे गेले होते बिचारीचे. चेहरे दिसत, कोटाची बटणं दिसत, पण पळती अक्षरं काही हाती लागत नसत. मग मुलगा शेजारी बसून एकेक ओळ आपल्या भाषेत वाचून दाखवायचा.

आणि सिनेमा संपला रे संपला, की माझा कप्पा बाहेर यायच्या आत आईंचं मत बाहेर!

"एवढं मोठं युद्ध झालं, पण एकाच्याही कोटाचं बटण तुटलं नाही. खोटारडे कुठले!"

"ही नायिका सारखी खिडकीत उभी. हिच्या घरचं काम कोण करतं म्हणते मी?"

मतं ऐकून ऐकून माझे कान किटले. शेजारीपाजारीही यायचे बघायला. त्यांच्यावरून मी एक शिकलो. जो पहिल्या पंधरा मिनिटांत घोरायला लागतो, तोच शेवटी सगळ्यात ठासून सांगतो की सिनेमा फार लांबवलाय. आणि ज्याला खरोखर काही लागलेलं असतं, तो पाणी प्यायच्या निमित्ताने आत जातो.

मग तो मुलगा गेला. ताप आला, दवाखान्यात नेला, आणि घरी त्याच्या चपला तेवढ्या परत आल्या. माझ्यावर उशीचा अभ्रा टाकला गेला. त्या अंधारात मी किती दिवस होतो कुणास ठाऊक. मला तो मुलगा आवडायचा. चकती ठेवताना कडेला धरायचा, मध्ये बोट लावायचा नाही.

एका रविवारी दुपारी आईंनीच अभ्रा काढला. "लाव गं काहीतरी," त्या सुनेला म्हणाल्या. "भिंती बघून बघून कंटाळा आला." सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचून थकून आलेली असायची, पण त्या दिवसापासून नवऱ्याच्या जागी बसून ती ओळी वाचू लागली.

पहिल्याच सिनेमात घात झाला. अर्ध्यावर त्यातल्या म्हातारीचा मुलगा मेला. खाली स्पष्ट लिहिलं होतं. सुनेचा आवाज थांबला. आई वाट बघत होत्या.

"काय झालं त्याला?"

"तो... कामासाठी लांब गेला, आई."

सिनेमा संपल्यावर आई म्हणाल्या, "बरा होता. तो परत आलेला दाखवायला हवा होता, एवढंच." सून पाणी प्यायला आत गेली.

तिथून तिला सवय लागली. अपघात झाला की ती बाजारहाट वाचायची, नवरा-बायको भांडले की हवापाण्याच्या गप्पा. मी आपला प्रामाणिकपणे खरं चित्र दाखवत घरघरायचो आणि ही बया शेजारी भलतंच वाचायची. आईंची मतं मग त्या वाचलेल्या सिनेमावर. जे सिनेमे जगात कुणी काढलेच नाहीत, त्यांच्यावर त्या तासभर बोलत.

मी तेव्हाच थकलो होतो. लेन्सवर धूळ बसली, कप्पा अडकू लागला. सून मला पिशवीत घालून नाक्यावरच्या मेकॅनिककडे घेऊन गेली. कमी बोलणारा, मान खाली घालून काम करणारा माणूस. कापसाच्या बोळ्याने लेन्स अशी पुसली की मला पहिल्यांदा कळलं, आपल्यालाही दुखत होतं म्हणून. काम झाल्यावर त्याने तिला पाहायला एक चकती दिली. "परत आणून द्याल तेव्हा सांगा कसा वाटला," म्हणाला.

ती परत द्यायला गेली तेव्हा मला घेऊनच गेली. वास्तविक मला काहीएक झालं नव्हतं! पुढे तर माझ्या प्रकृतीचं निमित्तच होऊन बसलं. जरासा खरखरलो की पिशवीत. न खरखरता पिशवीत. त्याच्या टेबलावर उघडा पडल्या पडल्या मी दोघांचं बोलणं ऐकायचो. सिनेमाबद्दल बोलायचे बापडे, पण सिनेमाचा विषय लवकर संपायचा आणि बोलणं चालूच राहायचं.

शेवटी एक दिवस त्याने पेचकस खाली ठेवला. "मी दुकान नदीपलीकडे हलवतोय. वर राहायला खोल्या आहेत. तुम्ही... लग्न करून याल का माझ्याबरोबर? आईंनाही घेऊन या."

ती माझ्या उघड्या पोटाकडे बघत राहिली. "मी तयार आहे," म्हणाली. "पण आई ते घर सोडायच्या नाहीत. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मुलगा गेला, आता मीही निघाले म्हणू?"

"विचारून तर बघा. मी थांबेन."

तिची धास्ती उगाच नव्हती. एका सिनेमात एक बाई बॅग उचलून घराबाहेर पडली होती, तेव्हा आईंनी फटकन सांगितलं होतं, "घरच्यांना टाकून जाणाऱ्या बायकांचं मला मेलं कौतुक नाही." ते वाक्य सुनेच्या मनात रुतून बसलं होतं. आईंनी नाही म्हटलं असतं तर ती गेली नसती, आणि मनातल्या मनात झुरली असती. दोन्हीकडून मरण तिचंच.

मग आला तो रविवार. मेकॅनिकने दिलेला सिनेमा. समुद्रकाठचं घर, एक बाई कपड्यांच्या घड्या घालतेय, एक माणूस शिडीवर चढून छप्पर बघतोय. खाली ओळ होती, छपराला डांबर लावावं लागेल.

सून वाचू लागली. "मला विचारलंय त्यांनी. माणूस चांगला आहे, दुरुस्तीचं काम करतो. मलाही आवडतो. पण घरी सासूबाई आहेत. त्यांना एकटं टाकून कशी जाऊ? सांगू तरी कशी?"

मला कापरंच भरलं. चित्र जरा थरथरलं असेल.

आई पुढे झुकल्या. "अगं, पण तोंड तर त्या माणसाचं हलतंय."

"ती... मनात म्हणतेय, आई."

"मनातलंही खाली लिहितात?"

"या सिनेमात लिहितात."

"अस्सं! मागे घे. परत वाच."

तिने मला मागे घेतलं. बाई पुन्हा घड्या घालू लागली, माणूस पुन्हा शिडी चढला. सुनेला आपण आधी काय म्हटलं ते धड आठवेना. "माणूस चांगला आहे... पण घरी आई आहेत. त्यांना मी नाही सोडू शकत. आधीच त्यांचं एवढं गेलंय."

"मघाशी सासूबाई होत्या. आता आई झाल्या?"

सून रिमोट पदराने पुसू लागली.

"पुन्हा घे मागे."

तिसऱ्यांदा डांबराची ओळ आली आणि निघून गेली. कुणी वाचली नाही. सुनेने तोंडावर पदर दाबला होता आणि तिचे खांदे हलत होते. आईंनी रिमोट तिच्या हातातून घेतला, चाचपडत बटण शोधलं आणि मला थांबवलं. पडद्यावर तो माणूस शिडीवर तसाच लटकून राहिला.

आता मत येणार, हे मला ठाऊक होतं. मीच जीव मुठीत धरून बसलो होतो.

"बाई चांगली आहे," आई म्हणाल्या. "पण भित्री. त्या म्हातारीला मेलीला राक्षसीण समजते का? ज्या पोरीने एवढे दिवस सांभाळलं, तिला अडवून म्हातारी काय वर घेऊन जाणार आहे?"  त्यांनी रिमोट सुनेच्या हातात परत दिला. "आणि हे मशीन पार बिघडलंय. दर वेळी बाई वेगळंच बोलते. बोलाव त्या तुझ्या मेकॅनिकला. दुकानात नेऊ नकोस. घरी बोलाव, जेवायला."

मी ठणठणीत होतो हो! आयुष्यात पहिल्यांदाच न बिघडता बिघडलेला ठरलो आणि मला राग आला नाही.

तो आला. हत्यारांची पिशवी घेऊनच आला, वेडा. मला उघडून बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "याला काही झालं नाही, आई."

"माहितीय मला. पिशवी ठेव आणि हात धू."

लग्न झालं. आई मात्र नदीपलीकडे गेल्या नाहीत. "माझा मुलगा या खोल्यांत वावरला, मी इथेच बरी," म्हणाल्या. त्यांना दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस त्या बंद टीव्हीसमोर बसून राहायच्या. घर खायला उठायचं. मला पुसायच्या मात्र रोज, लख्ख.

रविवारी ती दोघं येतात. आता माझ्यात त्राण नाही. लेन्स बदलायची तर ती मिळत नाही, मेकॅनिक दुसऱ्या मशीनची काढून बसवतो आणि ती मला मानवत नाही. अशा चकत्या कुणी बघतही नाही म्हणे. मला त्याचं वाईट वाटत नाही. खूप चकत्या फिरवल्या, खूप दाखवलं, त्याहून जास्त ऐकलं. आता कुणी अभ्रा टाकला तर मी निवांत झोपेन. फक्त भंगारवाल्याच्या हाती देऊ नका, त्याच्याकडे कुणी बोलायला नसेल.

परवाच्या रविवारी सुनेचा घसा बसला होता, म्हणून मेकॅनिकने ओळी वाचल्या. सरळ, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. मी धापा टाकत कसाबसा शेवटापर्यंत पोचलो आणि आईंच्या मताची वाट बघत राहिलो. आईंनी या खेपेला मतच दिलं नाही. मग हळूच सुनेकडे वळून म्हणाल्या,

"पुढच्या वेळी तूच वाच गं. हा नुसतं लिहिलेलं वाचतो."