बाकावर चढलेल्या खासदार

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी शाळेतून काढून टाकलेला एक जुना बाक आहे. माझा एक पाय आखूड आहे, आणि पाठीवर निदान चाळीस मुलांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत. हल्ली मी एका सलूनच्या ओसरीत असतो. पण वर्षातून तीनदा माझ्यावर एक खासदार उभ्या राहतात! बसत नाहीत हं, चांगल्या उभ्या राहतात. ते कसं काय, तेच सांगतो.

सुताराने माझ्यासारखे तीस बाक एका दमात बनवले. माझ्या पाळीला तो कंटाळला होता. एका पायावर रंधा जरा जास्तच फिरला, तेव्हा तो म्हणाला, "चालतंय, पोरंच तर बसणार आहेत!" तेव्हापासून मी डुगडुगतो. शाळेत माझ्यावर तीन मुलं बसायची, गर्दी असली की चार. गृहपाठ राहिला की त्याच मुलांना माझ्यावर उभं करत. कान लाल, नजर पायाच्या अंगठ्याकडे, आणि खाली बसलेले खिदळतायत! पुढे लोखंडी बाक आले आणि आमची रवानगी मागच्या अंगणात झाली. दोन वर्षं ऊनपाऊस खाल्ला. शेवटी समोरच्या सलूनवाल्याने शाळेच्या मोठ्या बाईंना विचारून मला उचललं, घासूनपुसून रंग दिला आणि दाढीसाठी थांबणाऱ्यांच्या सेवेला लावलं.

त्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई लोकसभेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. ना पक्ष, ना झेंडा. लोक हसले आणि मग त्यांनाच मतं देऊन आले. आता गावभर त्यांना ताई म्हणतात. निवडून आल्यावर त्यांनी ठरवलं, की दर अधिवेशन संपलं की पहिल्या रविवारी सकाळी चौकात उभं राहून काय केलं ते सांगायचं. व्यासपीठ बांधू म्हणून लोक मागे लागले. ताई म्हणाल्या, "व्यासपीठावर माणूस मोठं मोठं बोलतं. मला तो बाक द्या. त्यावर चढलं की आपोआप हिशेबात राहते मी." तेव्हा माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! बाकाला छाती नसते, ठाऊक आहे मला.

आता गेल्या अधिवेशनाची गोष्ट. आमच्या गावात शाळा रुळांच्या एका बाजूला आणि घरं दुसऱ्या बाजूला. सहाशे मुलं रोज रूळ ओलांडतात. मोठ्या बाई सकाळ-संध्याकाळ स्वतः लाल झेंडी घेऊन तिथे उभ्या असतात. मागच्या वर्षी तिसरीतली एक मुलगी पडलेली चप्पल उचलायला मागे वळली. मोठ्या बाईंनी तिला दप्तराला धरून खेचलं आणि त्यांच्या पाठीमागून गाडी गेली. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, तो रुळांवरच्या पुलाचा. घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या आणि गठ्ठा ताईंच्या हातात ठेवला. ताईंनी संसदेत प्रश्न टाकला. कुणाचा प्रश्न मंत्र्यांना समोरासमोर विचारायचा हे तिथे सोडतीवर ठरतं. ताईंची चिठ्ठी निघाली! यादीत चौथा क्रमांक.

सलूनवाला ताईंचं अधिवेशन चालू असलं की भिंतीवरच्या टीव्हीवर दुसरं काही लावू देत नाही. त्या दिवशीही सगळे डोळे लावून बसले होते. माझ्यावर पाच जण! पहिला प्रश्न झटकन उरकला, दुसरा विचारणाऱ्याने मागे घेतला, तिसऱ्याचे मंत्री आजारी. बघता बघता ताईंचं नाव पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. टीव्हीवर ताईंची रिकामी जागा दिसली. अध्यक्ष म्हणाले, "पुढचा प्रश्न." झालं! संपलं सगळं.

सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा हवेतच थांबला. मग तो म्हणाला, "मोठ्या बाईंना कुणीही सांगायचं नाही. ताई स्वतः सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर?" तोंडाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"तर मग कळेल, आपण कुणाला मत दिलं ते."

दोन आठवडे सगळे मूग गिळून बसले. मला तोंडच नाही, तरी माझाही जीव टांगणीला लागला होता.

रविवार उजाडला. लोक जमायच्या आत ताई आणि त्यांचे दीर ओसरीत येऊन माझ्यावर बसले. दीर आयुष्यभर छापखान्यात काम केलेले. वहिनींचं पत्रक तेच लिहितात. त्यांनी कागद पुढे केला. "हे बघा वहिनी, मी लिहिलंय, 'पुलाचा प्रश्न संसदेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर लागला.' यात एक अक्षर तरी खोटं आहे का?"

"खोटं काहीच नाही हो भाऊजी. त्याचीच भीती वाटते."

"तुम्ही काय चकाट्या पिटत होता का? ग्रंथालयात त्याच पुलाचे आकडे बघत होता. चौथा प्रश्न एरवी इतक्या लवकर येतच नाही. पक्षवाल्यांना बोलवायला चार माणसं धावतात, तुम्हाला कोण बोलावणार? आणि इथे कुणाला कळलंय!"

आतल्या टीव्हीकडे ताईंचं लक्षही नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, सगळ्यांना कळलंय! पण माझं ऐकतो कोण?

दहा वाजता चौक भरला. मोठ्या बाई पहिल्या रांगेत. ताई चढल्या, मी डुगडुगलो, दिरांनी माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. ताईंनी सुरुवात केली. परिचारिकांच्या रजेवर त्या बोलल्या, तीन मिनिटं मिळाली होती, दोनातच घंटा वाजली. दुधाच्या तपासणीच्या कायद्यात एक दुरुस्ती सुचवली. "बाजूने सात मतं, विरोधात उरलेलं अख्खं सभागृह!" लोक पोट धरून हसले. मग ताईंनी कागद उलटला, वाचायला लागल्या, आणि थांबल्या. त्यांनी कागदाची घडी घालून दिरांच्या हातात दिली.

"पुलाचा प्रश्न लागला होता," त्या म्हणाल्या. "माझं नाव दोनदा पुकारलं. मी जागेवर नव्हते. पाळी इतक्यात येणार नाही असं धरून मी ग्रंथालयात जाऊन बसले. प्रश्न गेला. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. मोठ्या बाई, मला माफ करा."

त्या खाली उतरल्या नाहीत, माझ्यावर तशाच उभ्या राहिल्या. इतकी मुलं मी अंगावर घेतली, पण आपणहून शिक्षा घ्यायला चढलेलं हे पहिलंच माणूस.

मोठ्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. "अगं, मी रोज तिथे झेंडी घेऊन उभी असते! एक दिवस जागा सोडली तर चालेल का मला? आणि तू!" त्यांचे डोळे भरून आले.

ताईंनी मान खाली घातली. मग सलूनवाला पुढे आला. "मोठ्या बाई, आम्ही हे टीव्हीवर पाहिलं होतं. दोन आठवडे वाट बघत होतो, ताई सांगतात की नाही म्हणून."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि रोज मला नमस्कार करत होतास, लबाडा? चढ तूही बाकावर!"

पहिल्यांदा कोण हसलं ठाऊक नाही, पण हसू चौकभर पसरलं. मोठ्या बाईंनी डोळे पुसले, पुढे येऊन ताईंना हात धरून खाली उतरवलं आणि विचारलं, "पुन्हा टाकता येतो का प्रश्न?"

"कालच टाकला."

"आणि पुन्हा तू ग्रंथालयात बसलीस तर?"

"मी आहे ना," सलूनवाला म्हणाला. "आधीचा प्रश्न सुरू झाला रे झाला, की मी ताईंना फोन करणार. कुणाची अर्धी दाढी राहिली तर राहू दे!"

माझा जीव भांड्यात पडला. या अधिवेशनात ताईंची चिठ्ठी पुन्हा निघाली, या वेळी सहावा क्रमांक. परवा पाचवा प्रश्न सुरू झाला तेव्हा खुर्चीत बसलेल्या एका काकांचा एकच गाल साफ झाला होता, आणि सलूनवाला फोनवर ओरडत होता, "पळा, ताई, पळा!" टीव्हीवर ताई धापा टाकत उभ्या राहिल्या. मंत्र्यांनी पाहणीचा शब्द दिला. पूल अजून झालेला नाही. मोठ्या बाई आजही झेंडी घेऊन जातात, पण आता जाताना माझ्याकडे बघून हसतात.

मित्रांनो, मला रंग द्या, पावसात टाकू नका, हे तर मी मागणारच. पण एक गोष्ट त्याहून जास्त मागतो. तुमच्याही वर्गात कुणीतरी एकटं बसत असेल. कधी त्याचं नाव पुकारलं जाईल आणि त्याचं लक्ष नसेल. तेव्हा खिदळत बसू नका. सरकून त्याच्या शेजारी जा आणि कोपराने हळूच ढोसा.