भारोभार गूळ

रुपराव गेला तेव्हा वच्छला रडली नाही. महाल वस्तीतल्या त्या गल्लीत रुपरावाच्या मरणापेक्षा ही गोष्टच जास्त चघळली गेली. बायका डोळ्यांना पदर लावून यायच्या, गळ्यात पडायच्या, आणि वच्छलाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. एकीनं तर उंबरा ओलांडता ओलांडता म्हटलंच, "दगड हाये वं, दगड!"

दगड तर दगड. वच्छलेला त्याचंही काही वाटलं नाही. हातपाय चालत होते. सकाळी उठायचं, धरमपेठेत वकिलाच्या घरी पोळ्या करायला जायचं, परत यायचं, सासूला वाढायचं, आपण जेवायचं. आणि जेवायचं म्हणजे किती, याचा काही पत्ताच राहिला नव्हता. भूक लागून नव्हे हो. ताट समोर आलं की हात सुरू व्हायचा आणि पातेलं खरवडेपर्यंत थांबायचा नाही. कुहीकडच्या गावाहून सासूच्या वाट्याचे तांदूळ यायचे, त्यामुळे घरात दुसरं काही नसलं तरी भात असायचा. भात, त्यावर पातळ वरण, मग पुन्हा भात. चव विचाराल तर मातीची. सहा महिन्यांत चोळ्या उसवायची पाळी आली. मग काय, गल्लीला आयतंच सापडलं. "नवरा गेला अन् ही फुगून राहिली!"

लोकांच्या तोंडाला काय, झाकण थोडंच असतं!

आता रुपराव कसा होता तेही सांगितलं पाहिजे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, बोटं कायम काळी. स्वभावानं गरीब गाय, पण गुळाच्या बाबतीत पक्का चोर. जेवण झालं की तोंडात गुळाचा खडा हवाच. पुढे साखरेची बिमारी निघाली, डॉक्टरनं गोड बंद केलं, आणि त्या दिवसापासून घरात चोर-शिपायाचा खेळ सुरू झाला. वच्छला गूळ लपवायची, हा शोधायचा. तांदळाच्या कोठीत लपवला, सापडला. गोवऱ्यांच्या मागे लपवला, सापडला. मनकर्णाबाई, म्हणजे वच्छलेची सासू, कपाळावर हात मारून म्हणायची, "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाही, पोरी. लेक माझाच हाये, मले माहीत."

शेवटी वच्छलेनं गूळ लाल मिरच्यांच्या डब्यात तळाशी ठेवायला सुरुवात केली. झाकण उघडलं की खकाणा उठायचा आणि रुपरावाला धडाधड शिंका यायच्या. ओसरीत वाती वळत बसलेली मनकर्णाबाई तिथूनच ओरडायची, "सापडला वं चोर!" मग वच्छला धावत जायची, आणि हा नाक पुसत, डोळ्यांतून पाणी गाळत, गालात खडा धरून उभा असायचा. "मिरचीतला गूळ लय झकास लागते वं," म्हणायचा. निर्लज्ज मेला!

पुढे त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती चिघळली. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. पाय जातो का माणूस जातो, अशी गत झाली. तेव्हा वच्छलेनं दवाखान्याच्या पायरीवर बसून सासूच्या गावच्या देवीला हात जोडले. "माय, ह्याले एवढा घरी येऊ दे. माझ्या भारोभार गूळ वाहीन तुले."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! साखरेच्या बिमारीसाठी गुळाचा नवस. पण त्या देवीला गूळच वाहतात, त्याला वच्छला तरी काय करणार?

देवी पावली. अंगठा गेला, पण रुपराव आपल्या पायांनी घरी आला. नवस कळला तेव्हा पोट धरून हसला. "अन् तो गूळ मले खाऊ देशीन का?"

"प्रसादाचा एक खडा देईन. एकच."

"मग लवकर फेड वं नवस, बाई!"

तो रोज विचारायचा, कधी फेडतेस. वच्छला म्हणायची, थांबा थोडं, गूळ काय भावानं आहे ते तर बघा. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि गुळानं अशी काही उसळी घेतली होती की चहावालेही कपाळाला आठ्या घालत होते. थोडं थांबता थांबता चार महिने गेले आणि एके दुपारी रुपराव झोपेतच गेला. प्रसादाचा खडा राहिला तो राहिलाच.

त्यानंतर नवसाचं कुणी नाव काढलं नव्हतं. एक दिवस जेवता जेवता मनकर्णाबाईच म्हणाली, "देवीचं देणं राहिलं."

"तो तर गेला, माय."

"तुनं का मागितलं होतं? घरी येऊ दे. आला का नाही घरी? तिनं तिचं केलं. वर्षश्राद्धाच्या आत आपलं आपण करू. देवीचं अंगावर ठेवून त्याचं पान कसं वाढायचं?"

मनकर्णाबाई हे बोलली ते ताटाकडे बघत. तिचाही एकुलता एक लेक गेला होता. पण तिनं डोळ्यांतून पाणी काढलं असेल तर ते कुणी पाहिलं नव्हतं. एका छपराखाली दोन बायका, आणि बोलायचं म्हणजे मीठ दे, दिवा लाव, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघी कोपऱ्यावरच्या लाकडाच्या टालीवर गेल्या. टालवाला मारोतराव जळाऊ लाकडं तोलायचा. त्याच्या काट्यावर वच्छला उभी राहिली, वजनं चढली, आणि मारोतरावानं आधी तिच्याकडे, मग काट्याकडे पाहिलं. "बहात्तर किलो, वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला. भला माणूस. गल्लीभर सांगितलं नाही त्यानं.

मनकर्णाबाईनं गावी आपल्या भावाला, नानाजीला, निरोप पाठवला. उलट निरोप आला की तिच्या वाट्याच्या धानातून खाण्यापुरतं ठेवून बाकीचं गूळवाल्याला दिलं तर पंचावन्न किलो गूळ मिळेल. त्याच्यावर एक खडासुद्धा नाही.

"पंचावन्न," वच्छला म्हणाली. "अन् मी बहात्तर."

"मग तू कमी हो," सासू म्हणाली.

जसं काही खिडकी लाव म्हणावं! पण वच्छलेनं मान डोलावली. त्यातही तिला काही जड वाटलं नाही. गूळ वाढवता येत नाही, तर बाई कमी करायची, हिशेब सरळ होता.

बारीक व्हायला पैसा लागतो, हे तिला धरमपेठेत कळलं होतं. वकिलीणबाई, अरुंधतीबाई, दोन वर्षांपासून बारीक होत होत्या. सकाळी कोमट पाण्यात मध, मग सफरचंद, मग साय काढलेलं दूध, मग काकडीच्या चकत्या. आणि चार वाजता, कुणी बघत नसताना, शंकरपाळे. वच्छलेकडे मध नव्हता आणि सफरचंद तर रुपरावाला दवाखान्यात नेलं तेव्हा शेवटचं पाहिलेलं. तिनं आपलं जे होतं त्यातूनच काढलं. बसचे पैसे वाचवले आणि महालातून बर्डीवरून धरमपेठेपर्यंत पायी जायला लागली. जाताना पायी, येताना पायी, वैशाखातसुद्धा, डोक्यावर ओला पदर घेऊन. भात सोडला. सकाळी ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, संध्याकाळी अर्धी भाकर आणि मिळेल तो पाला. अंबाडी, चवळी, घोळ. बाजार उठताना भाजीवाल्या उरलेल्या जुड्या जवळजवळ फुकटच टाकून द्यायच्या. वकिलाकडे उरलेल्या पुऱ्या, बासुंदी, काय काय मिळायचं, ते आधी ती ओट्याशी उभ्यानं खायची. आता झाकून तिथंच ठेवू लागली.

अरुंधतीबाईंना आधी राग आला. आमच्या घरचं चालत नाही का आता? मग एक दिवस त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि पोळपाटाशी येऊन बसल्या.

"वच्छला, खरं सांग. काय घेतेस तू? कुणाचं औषध आहे?"

"काही नाही घेत, बाई. पायी येतो अन् भात नाही खात."

"एवढंच?"

"अन् काही वाटत नाही."

अरुंधतीबाईंना ते काही समजलं नाही. त्या म्हणाल्या, मला तर भातावाचून वेड लागेल. वच्छलेनं पोळी उलटवली.

खरं तेच होतं. लोक उपास करतात तेव्हा पोटात कावळे ओरडतात, जीव तुटतो, स्वप्नात जिलब्या येतात. हिला काहीच होत नव्हतं. जास्त खाल्लं तेव्हाही नाही, कमी खाल्लं तेव्हाही नाही. पोट रिकामं असलं की ते रिकामं आहे एवढं कळायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. उसवलेल्या चोळ्या पुन्हा शिवल्या, मग आणखी आत शिवल्या. गल्लीनंही लगेच सूर बदलला. "झुरून राहिली बिचारी." परवापर्यंत फुगून राहिली होती, आज झुरून राहिली. बोलणाऱ्या बायका त्याच!

मधे एकदा मारोतरावानं टालीवरून हाक मारली, "वहिनी, येता का काट्यावर? पाहून घेऊ." ती म्हणाली, उद्या येतो. तो उद्या आलाच नाही. थांबायचं कधी, हे तिला सुचत नव्हतं. पाय चालत होते, तर चालू दिले.

श्राद्धाला थोडे दिवस उरले तेव्हा दोघी एसटीनं गावी गेल्या. देवळासमोरच्या चिंचेच्या फांदीला नानाजीनं धान तोलायचा मोठा तराजू टांगून ठेवला होता. शेजारी गोणपाटावर गुळाच्या भेल्या रचलेल्या, त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या. गावातल्या दहापाच बाया जमल्या. नवरा राहिला नाही अन् नवस फेडून राहिली, असं कुणीतरी कुजबुजलं. मनकर्णाबाईनं तिकडे नुसतं पाहिलं, कुजबुज बंद.

वच्छला एका पारड्यात मांडी घालून बसली. दोरी दोन्ही हातांनी धरली. समोरच्या पारड्यात नानाजी भेल्या ठेवू लागला. गूळ पुरेल का, हीच एक धाकधूक मनकर्णाबाईच्या तोंडावर होती. ओठ हलत होते, ती मोजत होती. भेल्या चढत गेल्या. अजून काही गोणपाटावर होत्या तोच वच्छलेचं पारडं हललं. आणखी एक ठेवली, पारडं जमीन सोडून अधांतरी झालं. तिचे पाय कुठंच टेकत नव्हते.

"अरे, उठली पोरगी!" नानाजी ओरडला. "झालं वं मनकर्णे, झालं! अन् भेल्या तर उरल्या!"

नानाजीनं नवसावर वरकड म्हणून एक जास्तीची वाहिली. बाकीच्या गूळवाल्याला परत करून धान सोडवून घेऊ म्हणाला. एक भेली मात्र त्यानं फडक्यात बांधून मनकर्णाबाईच्या हातात दिली. "ही घरी ने. घरात गोड राहू द्या." मनकर्णाबाई भेलीकडे पाहत नव्हती. पारड्यातून उतरणाऱ्या सुनेकडे पाहत होती. गळ्याची हाडं, आत गेलेले गाल. रोज समोर बसणारी बाई तिनं जशी आत्ताच पाहिली.

"एवढी काहून उतरली वं तू?" ती म्हणाली. "मी पंचावन्न म्हटलं होतं."

वच्छला पदर झाडून उभी राहिली. नानाजीनं तिच्या हातावर प्रसादाचा खडा ठेवला, तो तिनं शेजारच्या बाईला देऊन टाकला.

संध्याकाळी दोघी महालात परतल्या. मनकर्णाबाई ओसरीत पाय चोळत बसली. वच्छलेनं आत जाऊन दिवा लावला, चूल पेटवली, आधण ठेवलं. मग फडक्यातली भेली सोडली. देणं फिटलं होतं. आता पोटभर जेवायला हरकत नव्हती, बसनं जायला हरकत नव्हती. बरं वाटायला हवं होतं. तिनं भेली फोडली, अर्धी हातात घेतली, टाचा उंचावल्या, फळीवरचा डबा खाली ओढला, मिरच्या बाजूला सारून गूळ तळाशी खुपसला आणि वरून मिरच्या नीट पसरल्या. हात सवयीनंच हे सगळं करत गेले, तिला विचारलंसुद्धा नाही. खकाणा नाकात गेला आणि तिला शिंक आली. एक, दोन, तीन.

"सापडला वं चोर!" ओसरीतून मनकर्णाबाई ओरडली.

 चुलीवरचं आधण तेवढं वाजत होतं.

वच्छला डब्यात हात तसाच ठेवून उभी होती. कोणापासून लपवून राहिली मी? खोड त्याची होती, ती त्याच्याबरोबर गेली. हिची मात्र अजून जित्तीच होती. एक खडा मागत होता तो. रोज मागत होता. एकच देईन म्हणाली होती आणि तोही दिला नाही. आधी तिला आणखी एक शिंकच येतेय असं वाटलं, मग ती खाली बसली आणि मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं रडायला लागली.

मनकर्णाबाई भिंतीला धरून आत आली. तिच्याही नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरचीचं म्हणा नाहीतर कशाचं म्हणा. तिनं सुनेला गप्प केलं नाही. डब्यातून गूळ काढला, पदराला पुसला, दाताशी धरून तोडायला गेली तर दात कुठले! मग वरवंट्यानं फोडला आणि एक खडा वच्छलेच्या तोंडाशी नेला.

"खा, पोरी."

वच्छलेनं तोंड उघडलं. गूळ तिखट लागत होता. मग गोड लागला. आणि पोटात अशी काही भूक पेटली की तिला रडता रडता लाजच वाटली.

"माय," ती हुंदके देत म्हणाली, "भात टाकतो."

"टाक," मनकर्णाबाई म्हणाली. "जरा जास्तच टाक. मलेही भूक लागली."