हाजराबींची दुसरी गाठ

मित्रांनो, माझ्याकडे बघायला कोणी येत नाही. जो येतो तो माझ्यातून बघतो. मी सूक्ष्मदर्शक आहे, लोक मला मायक्रोस्कोप म्हणतात. सांगलीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे.

चाळीस वर्षांपूर्वी अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिरांनी माझी भिंगे घासली, लोखंडी पायावर मला उभे केले आणि पोटाखाली एक वाटोळा आरसा बसवला. खिडकीतले ऊन त्या आरशावर घ्यायचे आणि वरून डोळा लावायचा, एवढेच माझे तंत्र. लाकडी पेटीत बसून मी सांगलीला आलो आणि कामाला लागलो. हिवतापाचे जंतू पाहिले, क्षयाचे पाहिले. रक्ताच्या एका थेंबात अख्खा गाव नांदताना मी रोज बघत आलो, तरी मला त्याची सवय झालेली नाही. प्रत्येक वेळी वाटते, केवढे हे आणि कुठे दडलेले!

पुढे पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले. मला पेटीत घालून कपाटावर ठेवले. दोन पावसाळे मी तिथेच काढले आणि एका भिंगाला बुरशीही आली. एकदा ते नवे यंत्र बिघडून पुण्याला दुरुस्तीला गेले. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर अपेक्षा यांनी मला खाली उतरवले, भिंगे पुसली आणि आरसा उन्हाकडे वळवला. त्याच आठवड्यात हाजराबी आल्या. माझ्या आयुष्यातली सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे.

हाजराबी कोरेगावच्या, वय पन्नाशीचे. त्यांचे पती सिकंदरभाई कापूस पिंजतात आणि हाजराबी गाद्या शिवतात. त्यांची सून फिरदोस सांगलीची. बाळंतपणात तिच्या रक्ताच्या तपासण्या आमच्याकडेच झाल्या होत्या, म्हणून ती सासूसासऱ्यांना रेल्वेने इथे घेऊन आली होती. तिच्या पिशवीत साताऱ्याच्या एका डॉक्टरांचा कागद होता आणि पुठ्ठ्याच्या डबीत गाठीतला नमुना पसरलेल्या दोन काचपट्ट्या होत्या. आपल्या तपासणीच्या काचपट्ट्या मागून घेता येतात, हे फिरदोसला ठाऊक होते.

हाजराबींच्या डाव्या स्तनात गाठी लागत होत्या. मित्रांनो, स्तन हा शब्द ऐकून खाली बघू नका. हात, पाय, डोळा तसाच तोही शरीराचा भाग आहे. साताऱ्याला त्यांच्या गाठीत सुई घालून तपासणी झाली होती. गाठ साधी आहे, घाबरायचे कारण नाही, असे कागदावर लिहून आले होते. घरात सगळ्यांना हायसे वाटले. सिकंदरभाईंनी गल्लीत पेढेसुद्धा वाटले. फक्त हाजराबींच्या तोंडात तो पेढा फिरत राहिला.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, असे त्या म्हणाल्या तेव्हा सिकंदरभाई चिडले. डॉक्टर रोग नाही म्हणतोय, तर तू कशाला मागून घेतेस, असे म्हणाले. शेजारपाजारचेही तेच म्हणाले. महिनाभर हाजराबी गप्प राहिल्या. शेवटी फिरदोसनेच सासऱ्यांना सांगितले, की तुम्ही आला नाहीत तरी आम्ही दोघी जाणार. मग तेही आले.

अपेक्षाबाईंनी कागद वाचला आणि हाजराबींना विचारले, सगळे चांगले लिहिले आहे, मग शंका कशाची?

हाजराबी म्हणाल्या, "आवं डाक्टरीणबाई, माझ्यात दोन गाठी हायत. मोठी हाय ती बोटाखालनं पळती. बारकी हाय ती जाग्यावरनं हालत न्हाई. सुई मोठीतच घातली."

हे तिथे सांगितले होते का, असे बाईंनी विचारले. सांगितले होते, पण बारकी कोणाच्या हाताला लागलीच नाही, असे हाजराबी म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या कामाची रीत सांगितली. गादी शिवून झाली की त्या वरून तळवा फिरवतात. कापूस नीट पिंजला गेला नसेल तर आत गाठ राहते. डोळ्याला ती दिसत नाही, पण तळव्याला लागते. तीस वर्षे त्यांचा तळवा हेच करत होता.

बाईंनी साताऱ्याच्या काचपट्ट्या माझ्याखाली ठेवल्या. मी बघितले, बाईंनी बघितले. निळ्या-जांभळ्या पेशी शहाण्यासारख्या रांगेत एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी काही चुकीचे लिहिले नव्हते. जिच्यात सुई गेली ती गाठ साधीच होती. बाईंनी तसे सांगताच सिकंदरभाईंनी पिशवी उचलली.

बाई म्हणाल्या, "थांबा. दुसरी गाठ अजून कुणी तपासलेली नाही."

टेबलामागे पडदा होता. त्याच्यापलीकडचे मला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. बाईंनी बराच वेळ चाचपून पाहिले. इथे? नाही. इथे? नाही.  बाईंनाही गाठ सापडत नव्हती. आता या बाईसुद्धा आपल्याला घरी पाठवणार, असे हाजराबींना त्या क्षणी वाटले असेल का? माझ्या आरशावर ऊन होते आणि मी वाट बघत होतो.

तेवढ्यात हाजराबींचा आवाज आला, "तुमचं बोट द्या हिकडं."

पुढचे मी बाईंच्या तोंडून नंतर ऐकले. हाजराबींनी डॉक्टरांचे बोट आपल्या हातात धरले. स्वतःचा डावा हात डोक्यावर घेतला, अंग जरा कुशीला वळवले आणि ते बोट काखेच्या बाजूला नेऊन टेकवले. म्हणाल्या, दाबू नका, नुसतं फिरवा.

बाईंनी तसे बोट फिरवले. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "सापडली."

त्या गाठीत बारीक सुई गेली. जे निघाले ते नव्या काचपट्टीवर पसरले, रंगवले, वाळवले आणि माझ्याखाली आले. बाईंनी डोळा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळा लावला. मला तर पहिल्या नजरेतच कळले होते. इथल्या पेशी मोठ्या, गडद, वेड्यावाकड्या होत्या आणि एकमेकींना सोडून भरकटल्या होत्या.

बाईंनी तिघांनाही आत बोलावले आणि काही न लपवता सांगितले. ही गाठ कॅन्सरची दिसते. खात्रीसाठी आतला तुकडा काढून तपासावा लागेल, मग ऑपरेशन. पण गाठ हरभऱ्याएवढी आहे, लवकर सापडली आहे, यातून बायका बऱ्या होतात. फिरदोसने सासूचा हात घट्ट धरला. सिकंदरभाई खुर्ची असूनही खाली फरशीवर बसले.

हाजराबी रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यातनं मला दिसंल का?"

इतक्या वर्षांत एकाही आजारी माणसाने हे विचारले नव्हते. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवले. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू नजर बसली. पहिल्यांदा बाईंनी साध्या गाठीची काचपट्टी दाखवली, मग दुसरीची. हाजराबी श्वास रोखून बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"ह्ये समदं माझ्यात हाय व्हय?" आणि मग, "आदीचं एकमेकाला धरून हुतं. ह्ये सुटं पडलंय."

अपेक्षाबाई चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे ओळखायला त्यांना कॉलेजात किती वर्षे घालवावी लागली होती! मी तर थक्कच झालो. मी चारशे पट मोठे करून जे दाखवले, ते हाजराबींच्या बोटांनी कातडीवरून महिनाभर आधीच ओळखले होते. मला वाटायचे, न दिसणारे बघणारा इथे मी एकटाच. त्या दिवशी माझा गर्व उतरला.

तुकड्याच्या तपासणीत तेच निघाले. मिरजेला ऑपरेशन झाले. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला, स्तन राहिला. काखेत रोग पोचला नव्हता. औषधांनी केस गेले, नंतर काही आठवडे किरणांचे उपचार, लोक ज्याला लाइट म्हणतात, घ्यावे लागले. प्रत्येक खेपेला रक्त तपासायला त्या आमच्याकडे येत आणि सिकंदरभाई बरोबर असत. एकदा हाजराबी आत असताना ते अपेक्षाबाईंजवळ आले.

"ती सांगत हुती," ते म्हणाले, "आन् मी तिला कागद दावत हुतो."

बाईंनी त्यांना पाणी दिले. दुसरे काय देणार?

आता या गोष्टीला दोन वर्षे झाली. हाजराबी बऱ्या आहेत आणि गाद्या शिवतात. नवे यंत्र दुरुस्त होऊन आले, पण बाईंनी मला पुन्हा कपाटावर चढवले नाही. मागच्या महिन्यात हाजराबी आल्या त्या शेजारच्या शालूबाईंना घेऊन. शालूबाईंनी तीन महिने एक गाठ लाजेने झाकून ठेवली होती. हाजराबी त्यांना पडद्याआड घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "लाजू नगंस. डाक्टरचं बोट धर आन् दाव कुठं हाय ती."

शालूबाईंची गाठ साधी निघाली. तीही मी पाहिली. त्या दोघी जिना उतरेपर्यंत हसत होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राची भिंगे पुसत राहा, एवढे मागायचा मला हक्क आहे. पण आज मी माझ्यासाठी मागत नाही. घरात आई, आत्या, मावशी कधी अंगावर हात ठेवून गप्प झाली, तर तिला विचारा. ती म्हणेल, काही नाही. मग पुन्हा विचारा.