पुन्हा सुरू केल्यावरचा वेग

सोमवारच्या उत्तरात दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा सात होता, मंगळवारच्या उत्तरात चार. तुळई तीच, वजन तेच, प्रोग्रॅमही तोच. एवढ्याशा फरकाने लोखंड वाकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण एका यंत्राने एकाच गणिताची दोन उत्तरं द्यायला नकोत, हेही ठाऊक होतं. मी कुणाला बोलले नाही. आनेकलच्या एका कारखान्यातला पोटमाळा वजन पेलेल, असा अहवाल सोमवारच्या उत्तरावरून माझ्या सहीने गेला होता. गुरुवारी अकरा वाजता त्या माळ्यावर जड यंत्रं चढणार होती. खाली पॅकिंगचं खातं. तीस-बत्तीस बायका तिथे कामाला बसतात.

गुरुवारी साडेदहाला तेच गणित तिसऱ्यांदा पुरं झालं. तुळईवरचा ताण एकशे एक्केचाळीसच्या जागी एकशे अडुसष्ट. मर्यादा दीडशेची.



शेजारच्या टेबलावर सुधींद्रअण्णा होते. बसवनगुडीतल्या आमच्या या लहानशा ऑफिसात कॉम्प्युटरांची देखभाल तेच करतात. दसऱ्याआधी काम तुंबलं, तेव्हा प्रोसेसरचा वेग ठरल्यापेक्षा वर नेला तोही त्यांनीच. "आयुधपूजेला सगळं बंद करू, तेव्हा आपोआप उतरेल," असं म्हणाले होते. पूजेला यंत्रं बंद झाली, त्यांना कुंकू लागलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली. मीही तो विषय संपला असं धरलं. आनेकलचं गणित त्यानंतरचं.

"अण्णा, तो वेग खरंच उतरला होता?"

"अगं, दारात एवढा मोठा कोहळा फोडला, तरी तुझा संशय फुटला नाही? घरच्या यंत्राचा तर रोज उतरतो."

"घरी कुठून वाढवता?"

"विंडोजमधल्या प्रोग्रॅममधून."

"आणि इथे?"

कॉफीचा पेला त्यांनी खाली ठेवला. "इथे बायोसमधून, यंत्राच्या मुळातल्या सेटिंगमधून. ते स्वल्प पक्कं बसतं म्हणून."

"पक्कं म्हणजे बोर्डावर साठवलेलं. यंत्र बंद केलं म्हणून ते पुसलं जात नाही, अण्णा."

 मी यंत्र पुन्हा सुरू केलं, कळ दाबून बायोस उघडलं. वेग ४.६ गिगाहर्ट्झ हवा होता, ५.४ होता. बाहेर पडून पुन्हा सुरू केलं. ५.४. पूजेपासून रोज या वाढीव वेगात हेच यंत्र चुका करत होतं आणि मी त्याखाली सही करत होते.

"मूळ वेगावर आण आणि परत चालव," अण्णा हळूच म्हणाले. "कदाचित पहिलंच उत्तर बरोबर निघेल."

"चाळीस मिनिटं लागतात."

घड्याळात दहा चाळीस झाले होते. पहिलं उत्तर बरोबर निघालं, तर क्रेन उगाच थांबवली म्हणून माझ्या सहीवर पुन्हा कुणी विसंबणार नाही. नाही निघालं, तर. सोमवारपासून हा 'तर' मी पुढे ढकलत होते. मी फोन कानाला लावला.

पलीकडे आप्पाजी, तिथले मुकादम. मागे क्रेनची घरघर.

"बोला अक्का. पट्टे आवळतोय, अकराला उचलतो."

"आप्पाजी, काही उचलू नका. खालच्या बायकांना आधी बाहेर काढा. माझा अहवाल मी मागे घेते आहे."