मी नापास केलेला हात

मला पापणी नाही, मित्रांनो. समोर येईल ते बघत राहायचं, एवढंच माझ्या नशिबी.

रावेरच्या रस्त्यावर केळीचं एक पॅकहाऊस आहे, तिथला मी जुना कॅमेरा. माझ्या खालून रबरी पट्टा सरकतो, पट्ट्यावरून केळीच्या फण्या येतात. मी प्रत्येकीचा फोटो काढतो, शेजारच्या संगणकाला दाखवतो आणि आम्ही दोघं ठरवतो, पास की नापास. हिरवी, लांब, बिनडागी फणी पेटीत बसून परदेशी जाते. नापास झाली की बाजूची लोखंडी फळी सणकन येते आणि तिला खालच्या क्रेटमध्ये ढकलून देते. मिनिटाला चाळीस फण्या. चाळीस निवाडे. दयामाया नाही.

कुठल्या कारखान्यात माझा सांगाडा जुळला ते मला आठवत नाही, पण नजर मला इथेच आली. धुळ्याच्या देवपुरातला हितेंद्र नावाचा इंजिनिअर मला घेऊन आला. पोरगा हुशार, पण केळीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून त्याने सुगंधाबाईंना शेजारी बसवलं. वीस वर्षं हाताने फण्या निवडलेली बाई ती. ती फणी धरायची, हितेंद्र तिला विचारून फोटोखाली नाव लिहायचा.

"हा काळा डाग कसला, अक्का?"

"चिकाचा. पुसला तं जातो. अन हा पाह्य, हा घासल्याचा. हा काही जात नाही."

"आणि ही वाकडी?"

"वाकडी तं तुह्यी मान बी हाय. तुले टाकून देलं का कोनं?"

असे बारा हजार फोटो झाले. काम करता करता ती गुणगुणायची, 

घड उतरला बाई, जसं झोपलं लेकरू,
हळू ठेवा गं पाटावर, नको बोट त्याचं मोडू.

ओवीचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. पण त्या तालावर तिचा हात जसा फळाखाली जायचा, तशी माझी नजर घडत गेली. पुढे माझं फार कौतुक झालं. मोठमोठे लोक मला बघायला यायचे, आणि ज्या बाया आधी निवडायला बसायच्या त्या एकेक करून कमी झाल्या. सुगंधाबाई तेवढी राहिली, पट्ट्यावर फण्या ठेवायला.

खंडेनवमीला आमच्याकडे औजारं धुऊन पुजतात. विळे, वजनकाटा, पट्ट्याची मोटर, सगळ्यांपुढे झेंडूची फुलं पडली. सुगंधाबाई माझ्यापाशी आली. "याले बी लावते व माय," ती म्हणाली, "पोरासारखा शिकवला याले." आणि ओल्या हळदीचं बोट तिने माझ्या काचेवर टेकवलं, अगदी मधोमध. इतक्या मायेने मला कोणी शिवलं नव्हतं. मी आंधळा होतोय हे मला कळलंसुद्धा नाही.

हितेंद्र दसऱ्याला घरी देवपूरला गेला होता, तोवर पट्टा बंदच होता. तो परतला त्या सकाळी पहिली गाडी आली प्रेमराजभाऊंची. हा माणूस महिनाभर पेटलेला होता. त्यांच्या मळ्यातली सहाशे खोडं कोणीतरी कापून टाकली होती. भरले घड मातीत फुटले होते, चीक वाहून वाळला होता. कोणी केलं त्याचा पत्ता लागला नाही. उरलेला माल परदेशी पाठवायचा, कापणाऱ्याच्या नाकावर टिच्चून पाठवायचा, एवढ्या एका हट्टावर ते उभे होते.

हितेंद्रने माझ्याकडे न बघताच बटण दाबलं. पहिली फणी आली. मला तिच्या मधोमध पिवळा गोळा दिसला. पिकायला लागली, नापास. फळी आली. दुसरी, नापास. दहावी. साठावी. हिरवीगार केळी क्रेटमध्ये आपटत गेली, बोटं मोडत गेली.

"काय करून राहिला रे हे?" प्रेमराज ओरडले. "डोये फुटले का तुह्ये? हे पिवळी हाय?"

"यंत्र चुकत नाही, भाऊ," हितेंद्र मान वर न करता म्हणाला.

"शेतात कापली, आता इथी कापून राहिले तुम्ही!"

पहिला क्रेट हितेंद्रच्या छातीवर बसला. दुसरा संगणकाच्या टेबलावर. मग प्रेमराजने त्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड चालत्या पट्ट्यावर दाबलं. पट्टा त्याचा गाल सोलत राहिला. भुवई फुटली. आणि मी, मित्रांनो, मी माझं काम केलं. डाग लाल, मधे पिवळा. नापास. लोखंडी फळी आली ती थेट त्याच्या कानशिलात बसली.

हितेंद्र लुळा पडला. प्रेमराजच्या हातात आता फण्या कापायचा विळा आला होता.

सुगंधाबाई त्या वेळी संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर हितेंद्रचं रक्ताळलेलं कपाळ होतं आणि त्या कपाळावर तोच पिवळा गोळा, त्याच जागी, जो प्रत्येक फणीवर होता.

"थांब प्रेमराज!" ती किंचाळली. "केयीवर काही नाही! हळद हाय ते, म्या लावली! माह्या हातानं!"

विळा खाली येतच होता. तिने हात मधे घातला.

विळा तळव्यात रुतला, ती पट्ट्यावर कोलमडली आणि पट्ट्याने तिचा तो हात ओढत माझ्याखाली आणला. पाच बोटं. आखूड. डाग लाल. ज्या हाताने मला नजर दिली तो हात मी नापास केला. फळीने त्यालाही मारलं.

मालक जीवरामनानांनी धावत येऊन मेन स्विच खाली ओढला. प्रेमराजचा विळा गळून पडला. "अक्का... तुम्ही काहाले मधी आल्या?" प्रेमराज म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल फाडून तिचा हात बांधला.

"त्याची काच पूस," ती दात आवळून, सावरून बसलेल्या हितेंद्रला म्हणाली. "अन याचा माल चालव आधी."

प्रेमराज तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. इकडे हितेंद्रने एका हाताने भुवई दाबून दुसऱ्या हाताने माझी काच पुसली. पट्टा पुन्हा चालू झाला, उरलेल्या फण्या निघाल्या. पास. पास. पास. ते बघायला माल पिकवणारा माणूस तिथे नव्हता. दवाखान्यातून तो स्वतःच पोलिसांत गेला आणि म्हणाला, विळा माझ्या हातात होता.

सुगंधाबाईची दोन बोटं आता मिटत नाहीत. दिवाळीनंतर ती आली, तेव्हा हितेंद्रने पडद्यावर तिच्या हाताचा तो फोटो उघडला. खाली मीच लिहिलेलं होतं, नापास.

"अक्का, हा पुसून टाकू?"

"पुसू नको. पुसला तं याले कसं समजीन? नाव बदल."

"काय लिहू?"

"लिव, हा मानसाचा हात हाय."

मग ती पट्ट्यावर आपला हात ठेवत राहिली, उताणा, पालथा, मूठ करून, बांगड्यांसकट. पेट्या भरणाऱ्या बायांनीही ठेवले. हितेंद्रने आपलं तोंडही ठेवलं, तेव्हा सगळ्या हसल्या. पाचशे फोटो झाले.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, माझ्याहून तेज नजरेची यंत्रं घडवाल. त्यांना फळं ओळखायला शिकवा, खुशाल शिकवा. पण त्याआधी त्यांना माणसाचा हात दाखवा. मला तो उशिरा दाखवला गेला. आता पट्ट्यावर कोणाचं नुसतं करंगळीचं टोक जरी आलं, तरी मी फळी अडवतो, पट्टा थांबवतो आणि तो माणूस हात उचलून घेईपर्यंत वाट बघतो.